पिस्ता रंगाचा सुती टॉप

माझी वहिनी लग्न होऊन जळगावला आमच्या घरी आली ती ऐन मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी तिची पेटी उघडली, तर साड्यांच्या तळाशी कापडाची एक गुंडाळी निघाली. तिच्यात विणकामाच्या सुया खोवून ठेवल्या होत्या, स्टीलच्या, वेगवेगळ्या जाडीच्या. बाहेर ऊन असं होतं की अकरानंतर दारं लावून घ्यायची, खिडकीचे पडदे ओले करायचे आणि पाच वाजेपर्यंत कूलरसमोरून हलायचं नाही. आईनं एक सुई उचलून उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "हाई काय शे व माय? आठे थंडी कोठे शे?"

इथं थंडी आहेच कुठे, असं तिचं म्हणणं. आई धरणगावकडची, घरात तिची बोली खान्देशीच असायची. सगळे हसले. मीही हसले. वहिनी हसली, पण तिनं ती सुई आईच्या हातातून घेऊन परत त्या कापडात खोवली आणि गुंडाळी पेटीच्या तळाशी ठेवून दिली.

वहिनीचे वडील फौजेत होते. गाव धुळे जिल्ह्यातलंच, पण ती वाढली उत्तरेकडच्या थंड छावण्यांमध्ये. तिथं हिवाळ्यात सगळ्या बायका व्हरांड्यात उन्हाला बसून विणतात, त्यांच्यात बसून ती सात-आठ वर्षांची असल्यापासून विणायला शिकली होती. त्यामुळे विणकामाचे तिचे सगळे शब्द हिंदी. सुईला ती सलाई म्हणायची आणि टाक्याला फंदा. एकदा ती मोजता मोजता "एवढे फंदे टाकले" असं काहीतरी म्हणाली, तेव्हा आमचे वडील, नाना, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले होते की सूनबाई, आमच्याकडे फंदात माणसं पडतात. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. त्या घरात ती तशी मोकळी हसलेली मला फार वेळा आठवत नाही.

पेटीत आणखीही काही होतं. चार-पाच पंजाबी ड्रेस, दोन लांब स्कर्ट आणि तीन-चार शर्टासारखे टॉप. आईनं ते पाहिले आणि शांतपणे सांगितलं की आपल्याकडे सुना साडीच नेसतात, पाहुण्यारावळ्यांचं घर आहे. रागानं बोलली नव्हती ती. तिच्या सासूनं तिला जे सांगितलं तेच तिनं सांगितलं. वहिनी बरं म्हणाली. ते कपडे माळ्यावर जायचे होते, पण गेले नाहीत, कारण मी म्हटलं की मग मी वापरते. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वहिनीनं एकेक घडी माझ्या हातात दिली. एक निळा ड्रेस देताना तिनं त्याची बाही थोडी उसवली होती ती टाका घालून दिली. मी तिचे ड्रेस घालून कॉलेजला जायचे आणि ती डोक्यावर पदर घेऊन मला दारापर्यंत सोडायला यायची. यात काही चुकतंय असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी होळी झाली, ऊन चढायला लागलं आणि एक दिवस वहिनीनं दादाकडून क्रोशाच्या दोऱ्याचे गुंडे मागवून घेतले. फिकट पिस्ता रंगाचे. मी विचारलं, या दोऱ्याचं काय करणार, रुमाल? ती म्हणाली, विणणार. लोकर थंडीसाठी, सूत उन्हासाठी, विणायचं काम तेच. दोन पदर एकत्र घेऊन तिनं टाके घातले. सुया मुद्दाम जाड घेतल्या, म्हणजे वीण सैल पडते आणि अंगाला वारा लागतो. दर चौथ्या ओळीला ती दोरा पुढून घ्यायची आणि दोन टाके एकत्र विणायची, त्यानं बारीक बारीक जाळी पडत जायची.

दुपारी सगळे आडवे झाले की ती स्वयंपाकघराच्या दाराशी, कूलरचा वारा जेमतेम पोचायचा तिथं, भिंतीला टेकून बसायची. घामानं दोरा सुईवर सरकायचा नाही. मग ती उठून हात धुऊन यायची, बोटांना पावडर लावायची, पुन्हा बसायची. सुया गरम व्हायच्या. शेजारी ओला नॅपकिन ठेवलेला असायचा, त्यावर ती सुई टेकवायची आणि परत सुरू करायची. परीक्षा जवळ आलेली म्हणून मी तिथंच समोर अभ्यासाला बसायचे. विणताना ती काही बोलायची नाही, नुसते ओठ हलायचे, टाके मोजत असायची.

एका दुपारी आई पाणी प्यायला उठली आणि तिथं थबकली. कुणासाठी विणतेस, असं तिनं विचारलं. वहिनीचा हात थांबला. ती म्हणाली, "ताईंसाठी." ताई म्हणजे मी. आईनं बरं म्हटलं आणि ती परत जाऊन पडली. मी पुस्तकातून मान वर केली आणि खूश झाले. माझं माप कधी घेतलं नाहीस, एवढं मात्र मी विचारलं. ती म्हणाली की अंदाज आहे मला.

टॉप तयार झाला तो एप्रिलच्या मध्यावर. पुढचा आणि मागचा असे दोन भाग विणून तिनं ते बाजूंनी शिवले, बादलीत भिजवले, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले आणि पलंगावर चादर अंथरून त्यावर सपाट पसरून वाळवले. बिनबाह्यांचा नव्हता, खांद्यावरून चार बोटं खाली येईल एवढी बाही होती. हातात घेतला तर वजनच लागायचं नाही. मी तो आतून पांढरी शमीज घालून माझ्या शेवटच्या पेपरच्या दिवशी घातला, कारण पेपरनंतर आमचा मैत्रिणींचा ग्रुप स्टुडिओत फोटो काढायला जाणार होता. वहिनीनं मला समोर उभं करून खांद्यावर तो नीट बसवला, मागून खाली ओढला. मग दोन पावलं मागे जाऊन बघत राहिली. मला उशीर होत होता.

फोटोसाठी उभ्या राहताना आमच्यातली एक जण म्हणाली, "हे काय ग, मच्छरदाणी कापून शिवलीस का?"

बाकीच्या हसल्या. वाईट हेतूनं कुणी हसलं नाही, आम्ही सगळ्याच एकमेकींना असं बोलायचो. पण मला ते लागलं. मी फोटोत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिले आणि पुढचीच्या खांद्याआड टॉप लपवला. तो फोटो अजून आहे माझ्याकडे. त्यात माझा नुसता चेहरा दिसतो.

घरी आल्यावर वहिनीनं विचारलं की कुणी काही म्हणालं का. तिला ऐकायचं होतं की सगळ्यांना आवडला. मी म्हटलं, छान आहे म्हणाल्या सगळ्या, पण मला खांद्यात जरा घट्ट होतो. हे मी खोटं बोलले. तिचा चेहरा पडला. म्हणाली, द्या, काखेतल्या मुंढ्यापासून उसवून परत विणते, दोन आठवड्यांचं काम आहे. मी म्हटलं, राहू दे, बघू नंतर. आणि तो टॉप माझ्या कपाटात खालच्या फळीवर कोंबून ठेवला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी आमच्याकडे घर झाडून काढायची पद्धत. जुने कपडे बाहेर निघाले, त्यांचं गाठोडं ओट्यावर ठेवलं होतं. भांडेवाली येणार होती. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन ती आमच्या गल्लीत यायची आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात डबा, पातेलं द्यायची. मी सकाळी त्या गाठोड्यात माझे दोन जुने ड्रेस टाकले आणि त्यांच्या घडीत तो टॉप सरकवला. कुणी पाहिलं नाही. आई दुपारी भांडेवालीशी अर्धा तास हुज्जत घालून एक मोठा डबा घेऊन आत आली. वहिनी तेव्हा गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती.

महिन्याभरानं भांडेवाली परत आली. या वेळी तिच्याबरोबर तिची सून होती, तरुण, सावळी, कडेवर तान्हं मूल. तिनं घागऱ्यावर तो पिस्ता रंगाचा टॉप घातला होता. आई नव्हती दारात, आत होती. दारात वहिनी आणि मी. मी वहिनीकडे पाहिलं नाही, पाहायची हिंमतच झाली नाही. भांडेवालीनं टोपली खाली ठेवली, सुनेनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. वहिनीनं तिला उन्हातून आत सावलीत बोलावलं, तांब्याभर पाणी आणून दिलं. ती पाणी पीत असताना वहिनी मला म्हणाली, "तिला छान बसलाय."

एवढंच. बोलायला हवं होतं ते तेव्हाच. दोन वाक्यं होती फक्त, की वहिनी, तो मी दिला, मैत्रीण हसली म्हणून दिला. तिनं रागावून दोन शब्द ऐकवले असते आणि विषय तिथंच संपला असता. पण मी आत निघून गेले.

त्यानंतर वहिनीनं विणलं नाही. सुया मात्र घरात दिसत राहिल्या. एक परकराची नाडी ओवायला, एक भरिताच्या वांग्याला भाजण्याआधी टोचे मारायला. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली. जळगावला सणावारी जायचे, चार दिवस राहून यायचे. वहिनी माझं सगळं प्रेमानं करायची. दर आठ-पंधरा दिवसांनी तिचा फोन यायचा. लेकीला परीक्षेत किती मार्क पडले, हे माझ्या नवऱ्याच्या आधी तिला माहीत असायचं.

आईशी मात्र तिचं कधी जमलं नाही. भांडण म्हणून कधी झालं नाही त्यांच्यात. वहिनी सगळं वेळेवर करायची, चहा, पथ्याचं जेवण, औषधं. पण आईजवळ ती बसायची नाही. काम झालं की उठायची. नाना गेल्यावर आई एकटी पडली, पुढे दोन वर्षं ती अंथरुणालाच होती. मी भेटायला गेले की वहिनी बाहेर गेलेली बघून ती हळूच मला सांगायची, "बठ्ठं करस व ती. पन मन्हासंगे बोलत नही." सगळं करते, पण माझ्याशी बोलत नाही. मी आईला समजावायचे की तिचा स्वभावच अबोल आहे. माझ्याशी तर ती तासतासभर बोलायची. हे मला दिसत होतं, तरी मी असंच सांगायचे, कारण त्याच्या खोलात जायला मला नको होतं. आई गेली, त्याला आता पाच वर्षं झाली.

मागच्या उन्हाळ्यात माझी मुलगी पुण्याहून घरी आली. बसमधून उतरली तेव्हा तिच्या अंगात एक सैलसर, जाळीदार, फिकट रंगाचा टॉप होता. हाताने विणलेला आहे, असं ती कौतुकानं सांगत होती, सुताचा आहे, उन्हात याच्यासारखं दुसरं काही नाही, तिच्या ऑफिसात सगळ्यांना हवा झालाय. ती आंघोळीला गेल्यावर मी तो टॉप खिडकीपाशी नेऊन पाहिला. दर चौथ्या ओळीला जाळी. मी तशीच खिडकीशी उभी राहिले. मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, आई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, वीण बघतेय.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून क्रोशाचा दोरा आणला. वहिनीला एक टॉप विणून द्यायचा असं ठरवलं. मला विणकामातलं काही येत नव्हतं. फोनवर व्हिडिओ लावायचे, दोन मिनिटं बघायचे, थांबवायचे, विणायचे, परत उसवायचे. शाळेतल्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पिशवी काढली की सहकारी शिक्षिका विचारायच्या, मॅडम, एवढ्या उन्हात स्वेटर का? मी हसून सोडून द्यायचे. हेच आमच्या घरात वहिनीला विचारलं गेलं होतं आणि तीही अशीच हसली होती, तेव्हा तिच्या जागी बसून पाहायचं मला सुचलं नव्हतं.

सुती दोरा फार शिकवतो. लोकर ताणली जाते आणि परत जागेवर येते, तिच्यात चूक लपते म्हणतात. सुतात काहीच लपत नाही. एक टाका घट्ट पडला तर ती ओळ शेवटपर्यंत तशीच डोळ्यात खुपते. माझी बोटं आखडायची. घामानं दोरा मळायचा. मागचा भाग पूर्ण झाला म्हणून मी आनंदानं धुतला आणि दोरीवर वाळत घातला, तर पाण्याच्या वजनानं तो हातभर लांब झाला. तेव्हा मला आठवलं की वहिनीनं तो पलंगावर आडवा पसरला होता. मी सगळा उसवला. उसवलेला दोरा नागमोडी झालेला, तो गुंडाळताना मला पहिल्यांदा अंदाज आला की होळी ते एप्रिल, रोजच्या दुपारी, त्या दाराशी बसून तिनं काय केलं होतं.

दुसऱ्यांदा मी मुंढ्यापर्यंत आले आणि अडकले. टाके कुठे कमी करायचे ते व्हिडिओ बघूनही उमजेना. शाळेला सुट्टी लागल्या लागल्या मी पिशवी घेऊन जळगावला गेले. वहिनी आता पन्नाशीकडे आली आहे. घरात पंजाबी ड्रेस घालते, बाहेर जाताना साडी. दुपारी जेवणं झाल्यावर मी पिशवीतून विणकाम काढलं, तेव्हा ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली की मला आता काही आठवत नाही. मी म्हटलं, निदान बघ तरी. तिनं चष्मा लावला, सुया हातात घेतल्या, दोन बोटांत वीण धरून ताणली आणि म्हणाली की हात फार घट्ट आहे तुमचा. मग तिनं मुंढ्याचे टाके कसे कमी करायचे ते एका ओळीत विणून दाखवलं. कुणासाठी आहे, असं तिनं विचारलं.

मी म्हटलं, "तुझ्यासाठी."

तिनं दोरा बोटावर घेतला. आणखी एक ओळ विणली. मग मीच विषय काढला. म्हटलं, तू माझ्यासाठी विणला होतास ना, त्याची परतफेड म्हणून नाही, पण मनात होतं.

वहिनीनं विणणं थांबवलं. "तो तुमच्यासाठी नव्हता, ताई."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं ते असं. तिला उन्हाळा सोसायचा नाही. पाचवारी साडी, परकर, पोलकं, त्यात स्वयंपाकघर. लहानपणापासून ती सुटसुटीत कपड्यांत वाढलेली. तिच्या मनात आलं की एक हलका टॉप विणावा आणि दुपारी खोलीचं दार लावून घेतलं की तेवढे दोन तास तरी अंगात घालावा. दादालाही तिनं सांगितलं नव्हतं. माप तिचंच होतं. "आईंनी विचारलं कुणासाठी, तेव्हा काय सांगणार होते मी? तुम्ही समोर बसला होतात. तोंडातून ताईंसाठी निघून गेलं. मग तुम्हाला द्यावाच लागला."

मी म्हटलं, मला सांगायचंस.

"तुम्ही खूश झाला होतात," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? तुमच्या अंगावर बघूनही बरं वाटलं मला. तुम्ही खांद्यात घट्ट होतो म्हणालात, ते तर बरोबरच होतं. माझे खांदे तुमच्याहून अरुंद. मलाच चुटपुट लागली की हौसेनं घातला आणि पोरीला अवघडल्यासारखं झालं."

माझं खोटं तिनं इतकी वर्षं खरं धरलं होतं, आणि वर स्वतःची चूक म्हणून. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात ती पुढे बोलली. सुया परत हातात घेतल्या होत्या, नजर विणीवर होती. म्हणाली की त्याचं काही नाही. पण आईंनी तो भांडेवालीला द्यायला नको होता. त्यांना माहीत होतं मी उकाड्यात बसून विणलाय. डब्यासाठी दिला. त्या दिवसापासून माझं मन उडालं ते उडालंच. पुढे त्यांचं सगळं केलं, पण जवळ बसावंसं कधी वाटलं नाही.

मी म्हटलं, "वहिनी, आईनं नव्हता दिला. मी दिला."

तिनं मान वर केली. मी सगळं सांगितलं. फोटो, मच्छरदाणी, घट्ट होतो हे खोटं, गाठोड्यातली घडी. आईला तो टॉप त्यात आहे हे ठाऊकसुद्धा नव्हतं. मी बोलत असताना वहिनी माझ्याकडे बघत होती, पण मला वाटतं ती मला बघत नव्हती. कूलरची मोटर तेवढी चालू होती.

सुया खाली ठेवून ती म्हणाली, "त्यांना मी कधी विचारलंच नाही."

मी रडायला लागले. ती उठली, मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली की जुनी गोष्ट आहे, कशाला जीवाला लावून घेता. पण मग ती आतल्या खोलीत गेली आणि संध्याकाळचा चहा करायची वेळ होईपर्यंत बाहेर आली नाही. त्या खोलीत आईचा पलंग अजून आहे.

एका टॉपमुळे सासूसुनेचं तुटलं, असं म्हणणं सोपं आहे. इतरही पुष्कळ कारणं असतील. साडीचं होतं, माळ्यावर न जाता माझ्या कपाटात गेलेल्या ड्रेसचं होतं, आणखी मला माहीत नसलेली असतील. पण आई शेवटची दोन वर्षं छताकडे बघत पडून होती आणि विचारत होती की ती माझ्याशी का बोलत नाही. त्याचं एक उत्तर माझ्याजवळ होतं आणि तेच मी तिला दिलं नाही. मला कारण माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगते. ते अर्धंच खरं आहे. भांडेवालीच्या सुनेला पाणी देताना वहिनीचा चेहरा मी पाहिला असता, तर मला त्याच दिवशी कळलं असतं. मी पाहिला नाही.

टॉप मी धुळ्याला येऊन पूर्ण केला. वहिनीचा हात लागला होता त्या दोन ओळी बाकीच्या विणीत वेगळ्या दिसतात, सैल आणि सारख्या. मी त्या तशाच ठेवल्या. पसरून वाळवला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः नेऊन दिला. रंग या वेळी मी पांढरा घेतला होता, पिस्ता मिळत होता तरी. वहिनीनं आत जाऊन घालून पाहिला. बाहेर आली तेव्हा दादा म्हणाला, छान दिसतोय की. गळा थोडा मोठा झाला होता, डाव्या बाजूला एक टाका ओढला गेला होता, पण खांद्यावर नीट बसला होता. तिनं आरशात पाहिलं, बाहीवरून हात फिरवला. मला वाटलं ती आता काही म्हणेल. तेवढ्यात शेजारच्या काकू लोणच्याच्या कैऱ्या विचारायला दारात आल्या आणि वहिनीचा हात खुंटीवरच्या ओढणीकडे गेला. ओढणी तिनं दोन्ही खांद्यांवरून अशी घेतली की टॉप दिसेनासा झाला, आणि मग ती दार उघडायला गेली. तिला काही म्हणणारं आता त्या घरात कुणी उरलेलं नाही. काकू बसल्या, कैऱ्यांच्या भावाचं आणि फोडींचं बोलणं झालं, चहा झाला. तासभर ती ओढणी धरून बसली होती.

वहिनीचे फोन आता पूर्वीसारखे येत नाहीत. मी केला की नीट बोलते, लेकीची चौकशी करते, तब्येतीला जपा म्हणते. ठेवते म्हणायची घाई तिला असते. दादाकडून कळतं की या उन्हाळ्यात दुपारी घरात एकटी असली की ती तो टॉप घालते. मी गेले होते तेव्हा तिच्या अंगात नव्हता, आणि मी विचारलं नाही.